इम्पॅक्ट गनसाठी टिकाऊ आणि परवडणारी गोटी कशी निवडावी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गॅरेजवाले, टायरवाले, ट्रॅक्टर दुरुस्त करणारे आणि घरच्या घरी गाडीवर काम करणारे यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सॉकेटला गॅरेजात गोटी म्हणतात, म्हणून इथेही तोच शब्द वापरला आहे. हवेवरची असो वा बॅटरीवरची, गन म्हणजे इम्पॅक्ट रेंच.

१. इम्पॅक्ट गोटी आणि साधी चकचकीत गोटी यांत फरक काय? दोन्ही नटावर बसतातच की.

फरक जोर कसा येतो यात आहे. हाताने पाना ओढताना जोर सावकाश वाढतो. गनमध्ये आतले हातोडे मिनिटाला दोन-तीन हजार ठोके मारतात आणि प्रत्येक ठोका गोटीच्या भिंतीतून नटापर्यंत जातो.

चकचकीत गोटी बहुधा क्रोम-व्हॅनेडियम पोलादाची असते. तिला जास्त कडक पाणी दिलेलं असतं (म्हणजे तापवून-निववून पोलाद जास्त कडक केलेलं असतं), त्यामुळे भिंत पातळ ठेवता येते आणि अडचणीच्या जागी ती सहज शिरते. पण कडकपणा वाढला की चिवटपणा कमी होतो. ठोके बसत राहिले की आतल्या कोपऱ्यातून बारीक चीर सुटते. वरचा क्रोमचा थरही सुटतो, आणि त्याच्या कपच्या ब्लेडसारख्या धारदार असतात.

इम्पॅक्ट गोटी बहुधा क्रोम-मॉलिब्डेनम पोलादाची असते. ती थोडी कमी कडक, जास्त चिवट आणि जाड भिंतीची असते. अर्धा इंची ड्राइव्हच्या (ड्राइव्ह म्हणजे गोटी गनवर बसते तो चौकोन) १९ च्या, म्हणजे १९ मिमी नटाच्या, गोटीचा बाहेरचा व्यास साध्या प्रकारात साधारण २६ मिमी असतो, इम्पॅक्टमध्ये २८ ते ३०. वर क्रोम नसतो. काळा फॉस्फेट किंवा ऑक्साइडचा थर असतो, त्याच्या कपच्या उडत नाहीत.

२. माझी क्रोमची गोटी वर्षभर गनवर चालते आहे. काही झालं नाही. मग बदलू कशाला?

झालं नाही असं दिसतं, एवढंच. ठोक्यांनी येणारी चीर कोपऱ्यातून आत सरकत जाते आणि बाहेरून बराच काळ कळत नाही. मग एखाद्या दिवशी नेहमीच्याच नटावर गोटी उभी फाटते. तेव्हा तुकडा गनच्या वेगाने उडतो आणि तोंड बहुतेक वेळा तिथून हातभर अंतरावर असतं. ती गोटी हाताच्या रॅचेटवर (हाताने ओढायचा, गोटी लावायचा पाना) वापरायला ठेवा, मात्र आधी प्रश्न १४ प्रमाणे चीर तपासा. गनवर इम्पॅक्टचीच लावा आणि तीही डोळ्यांवर गॉगल लावूनच.

३. कुठल्या ड्राइव्हची गोटी घेऊ? दुकानदार सुतात बोलतो, डब्यावर इंच लिहिलेले असतात.

एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. म्हणून तीन सुती म्हणजे ३/८ इंच (९.५ मिमी), चार सुती म्हणजे अर्धा इंच (१२.७ मिमी) आणि सहा सुती म्हणजे पाऊण इंच (१९ मिमी). त्याच्या पुढे एक इंच.

इंजिनाची कव्हरं, दुचाकीचे नट, ८ ते १५ मिमीची कामं: तीन सुती. कारची चाकं आणि सस्पेन्शन: अर्धा इंच. टेम्पो, ट्रॅक्टर, छोटे ट्रक: पाऊण इंच. मोठे ट्रक आणि बस: एक इंच. गोटीची ड्राइव्ह गनच्या चौकोनाएवढीच घ्या. अडॅप्टरबद्दल (एका मापाच्या चौकोनावर दुसऱ्या मापाची गोटी बसवणारा जोड) पुढचा प्रश्न वाचा.

४. गन पाऊण इंची आहे, गोट्या अर्धा इंची. मधे अडॅप्टर लावला तर चालेल?

गन मोठी आणि गोटी लहान, असं करू नका. पिळाला तोंड देण्याची चौकोनाची ताकद बाजूच्या घनाच्या प्रमाणात वाढते. पाऊण इंची चौकोन अर्ध्या इंचीपेक्षा साधारण ३.४ पट पीळ सोसतो. म्हणजे जी गन पाऊण इंची चौकोनासाठी बनली आहे ती अडॅप्टरची अर्धा इंची मान सहज तोडू शकते. मान तुटली की गोटी नटावर राहते आणि झटका मनगटाला बसतो.

उलट प्रकार, म्हणजे गन अर्धा इंची आणि गोटी पाऊण इंची, हा धोक्याचा नाही. फक्त वजनदार गोटी आणि अडॅप्टर हलवण्यातच बराच जोर जातो, म्हणून गन मंद वाटते. कधीतरी एखादा नट असेल तर ठीक. रोजच्या कामाला नको.

५. सहा कोनी की बारा कोनी?

गनवर सहा कोनी. बारा कोनी गोटी नटाला कोपऱ्याजवळ धरते, त्यामुळे ठोक्यांनी नटाचे कोपरे गोल होतात आणि गोटीची भिंतही कोपऱ्यावर पातळ असते. बोल्टाचं डोकंच बारा कोनी असेल तर इम्पॅक्ट प्रतीची बारा कोनी गोटी वेगळी मिळते, तीच घ्यावी.

चांगल्या सहा कोनी गोटीत आतले कोपरे किंचित गोल कोरलेले असतात, म्हणजे जोर नटाच्या कोपऱ्यावर न येता सपाट बाजूवर येतो. दुकानात गोटी डोळ्यासमोर धरून बघा. आतला कोपरा चाकूने कापल्यासारखा तीक्ष्ण असेल तर चीर सुटायची जागा तीच.

६. पूर्ण सेट घेऊ की सुट्या गोट्या? पैसे मोजकेच आहेत.

पैसे मोजके असतील तर सुट्या घ्या. सेटमध्ये दहा-पंधरा मापं येतात, त्यातली चार-पाच रोज झिजतात आणि बाकीची डब्यात गंजतात. त्याच पैशात रोजच्या मापांच्या चांगल्या प्रतीच्या गोट्या येतात. सेटमधली रोजची गोटी फुटली की तशीही सुटीच आणावी लागते.

आता रोजची मापं कोणती ते तुमच्याकडे येणाऱ्या गाड्यांवर ठरतं, आणि इथे बरेच जण फसतात. एकाच जाडीच्या बोल्टाचं डोकं जपानी वळणाच्या गाडीत लहान असतं आणि युरोपीय वळणाच्या गाडीत मोठं. मारुती, होंडा, टोयोटा यांत ८ मिमी जाडीच्या बोल्टाला बहुतेक १२ ची गोटी लागते, १० मिमीला १४ ची आणि १२ मिमीला १७ ची. युरोपीय गाड्यांत त्याच बोल्टांना अनुक्रमे १३, १६ किंवा १७, आणि १८ किंवा १९ लागते. म्हणून मारुतीच जास्त करणाऱ्याने १२, १४, १७, १९ पासून सुरुवात करावी. १३, १६, १८, २१ नंतर, गरज पडेल तसं. बरेच सेट १४ वरून थेट १७, मग १९ अशा उड्या मारतात. १६ आणि १८ आहेत का हे डबा उघडून मोजा.

जे माप दिवसाला पन्नासदा लागतं त्याच्या दोन गोट्या ठेवा. दुसरी काम थांबू नये म्हणून.

७. चाकांच्या नटाला नेमकी किती नंबरची गोटी?

मारुती आणि होंडाच्या कारना बहुतेक १९. ह्युंदाई, किया आणि टोयोटाला बहुतेक २१. फोक्सवॅगन आणि स्कोडाला नट नसून १७ चे बोल्ट असतात. टाटा, महिंद्रात मॉडेलप्रमाणे फरक पडतो, तेव्हा मोजूनच घ्या. मोठ्या ट्रक-बसला बहुधा ३२ किंवा ३३, आणि हा एका मिलिमीटरचा फरक अंदाजावर सोडण्यासारखा नाही. ३३ ची गोटी ३२ च्या नटावर बसते, फिरते, आणि काही दिवसांत नट गोल करते.

मोजायचं व्हर्नियरने, समोरासमोरच्या सपाट बाजूंमध्ये, तिन्ही जोड्यांवर, रंग आणि चिखल खरवडून. १९ चा नट कधी १९ पेक्षा मोठा बनवत नाहीत, १८.७ पर्यंत लहान असू शकतो. मोजमाप १८.८ आलं तर गोंधळू नका, तो १९ चाच.

८. मिमीची गोटी इंची नटावर चालते का?

काही जोड्या जमतात, काही मुळीच नाहीत. १९ मिमी आणि ३/४ इंच (१९.०५) चालते. ८ मिमी आणि ५/१६ इंच (७.९४) चालते. २७ मिमी आणि १ १/१६ इंच (२६.९९) चालते. १६ मिमीची गोटी ५/८ इंचाच्या (१५.८८) नटावर गरज पडली तर लावा.

गनवर हे नकोच: १३ मिमी गोटी १/२ इंचावर (१२.७), २१ मिमी गोटी १३/१६ इंचावर (२०.६४), ३२ मिमी गोटी १ १/४ इंचावर (३१.७५). हाताने हळू ओढताना हे एखादवेळ निभावतं. गनचा प्रत्येक ठोका मात्र आधी ती फट भरतो आणि मग नटाच्या कोपऱ्यावर आदळतो.

९. आखूड गोटी घेऊ की लांब?

नटाच्या वर बोल्टाचा आटा बाहेर निघत असेल किंवा नट खड्ड्यात असेल तर लांब. बाकी सगळीकडे आखूड. आखूड गोटी हलकी, स्वस्त आणि जोर कमी खाणारी. सुरुवातीला चाकाच्या मापाची तेवढी लांब घ्या, इतर मापं आखूड.

१०. अलॉय व्हीलच्या खड्ड्यात इम्पॅक्ट गोटी शिरत नाही. बाहेरून घासून बारीक केली तर?

घासू नका. भिंतीची जाडी हीच तिची ताकद आहे, आणि एका बाजूने जास्त घासली गेली तर गोटी तिथेच फुटते. ग्राइंडरवर तापली तर पोलादाचं पाणीही उतरतं.

यासाठी पातळ भिंतीच्या लांब गोट्या मिळतात. वर रंगीत प्लॅस्टिकचं आवरण असतं, बहुधा १७, १९ आणि २१ अशा तिघींचा जोड असतो. आवरणामुळे चाकाला ओरखडे पडत नाहीत. या गोट्या फक्त कारच्या चाकांसाठी आहेत. त्याच गोटीने सस्पेन्शनचे गंजलेले बोल्ट सोडवायला गेलात तर ती लवकर जाईल. आवरण झिजलं की सुटं आवरण मिळतं का, हे घेतानाच विचारा. प्लॅस्टिक गोटीच्या आधी झिजतं.

११. दुकानात काळा रंग मारलेली साधी गोटी इम्पॅक्टची म्हणून खपवतात. खरी कशी ओळखायची?

एका खुणेवर विसंबू नका, या सगळ्या बघा.

पहिली, भिंत. शेजारी त्याच मापाची क्रोमची गोटी ठेवा. इम्पॅक्टची भिंत सरळ डोळ्यांनी जाड दिसली पाहिजे.

दुसरी, थर. थिनरमध्ये बुडवलेल्या फडक्याने घासा. रंग असेल तर फडक्यावर उतरतो आणि खालून चमक दिसते. फॉस्फेट मंद, करडा-काळा असतो. फडक्याला थोडं तेल-काजळी लागेल, थर जाणार नाही. अगदी गुळगुळीत, चकाकणारा काळा रंग दिसला तर संशय घ्या.

तिसरी, चौकोनाच्या बाजूचं आरपार भोक. ते पिनसाठी असतं (प्रश्न १३). अर्धा इंची आणि त्यावरच्या इम्पॅक्ट गोट्यांत ते, आणि बाहेरून रबर रिंगची खाच, बहुधा असतेच. हातच्या गोटीत आतून फक्त छोट्या गोळीसाठी खळगा असतो.

चौथी, मजकूर. माप आणि ‘सीआर-एमओ’ (क्रोम-मॉलिब्डेनम) ही अक्षरं धातूत ठसलेली किंवा लेझरने कोरलेली हवीत. ‘सीआर-व्ही’ (क्रोम-व्हॅनेडियम) लिहिलं असेल तर ती बहुधा हातची गोटी, म्हणून बाकीच्या खुणा नीट बघा. डब्यावर आयएसओ २७२५-२ किंवा डीआयएन ३१२९ लिहिलेलं असेल तर चांगलं. ही यंत्रावर चालणाऱ्या गोट्यांची मानकं आहेत.

पाचवी, चौकोन आणि षट्कोन एका रेषेत आहेत का. गोटी गनवर लावून नट नसताना हळू फिरवा. तोंड डगमगत गोल फिरत असेल तर ती परत द्या. अशी गोटी नट एका बाजूने खाते आणि गनच्या बेअरिंगलाही त्रास देते.

लोहचुंबक लावून काही कळत नाही. दोन्ही पोलादं सारखीच चिकटतात.

१२. कुठल्या कंपनीची घेऊ? स्वस्त गोटी वाईटच का?

स्वस्त म्हणजे वाईट असं नाही. जालंधर हे आपल्याकडचं हातअवजारांचं मोठं केंद्र आहे, नाशिकची टापरिया तर मराठी गॅरेजांत घराघरातलं नाव आहे, आणि तैवानमधल्या ताइचुंगच्या कारखान्यांचा माल जगभर निरनिराळ्या नावांनी विकला जातो. रोज वीस-तीस चाकं काढणाऱ्या गॅरेजला मधल्या दराची, नाव असलेली क्रोम-मॉलिब्डेनम गोटी पुरते. सर्वात महागडी गोटी तिथेच घ्यावी जिथे भिंत पातळ हवी आणि ताकदही हवी, म्हणजे अडचणीच्या जागांसाठी.

पैसे वाया जातात ते नाव नसलेल्या, माप नीट न ठसलेल्या चाळीस-पन्नास नगांच्या डब्यांत. त्यात पोलाद कोणतं आणि पाणी कसं दिलं आहे, हे सांगणारा कोणीच नसतो. बदलून देण्याची हमी विचारा, पण ती गनवरच्या वापराला लागू आहे का हे स्पष्ट विचारा.

१३. गोटीच्या बाजूला भोक आहे, त्यात काय घालायचं? खिळा घातला तर चालेल का?

गनचा चौकोन तीन प्रकारे गोटी धरतो. घर्षणाची रिंग असेल तर गोटी ढकलून बसते, ओढून निघते. दाबाची पिन असेल तर ती गोटीच्या भोकात अडकते. आरपार भोक असेल, जे पाऊण आणि एक इंची गनमध्ये नेहमी दिसतं, तर सुटी पिन आणि रबर रिंग लागते.

बसवताना रबर रिंग खाचेतून थोडी बाजूला सरकवा, गोटीचं आणि चौकोनाचं भोक एका रेषेत आणा, पिन आरपार घाला आणि रिंग परत खाचेत, पिनच्या दोन्ही टोकांवर बसवा. पिन बाहेर डोकावता कामा नये.

खिळा, तार किंवा वेल्डिंगची काडी कधीही घालू नका. फिरताना ती बाहेर सरकते, आणि गन धरलेल्या माणसाचा हात तिथेच असतो. पिन-रिंग स्वस्तात मिळते, दोन-तीन जोड्या जवळ ठेवा. रबर कडक होऊन तडकलं की बदला.

१४. गोटी टाकून कधी द्यायची?

चीर दिसली की त्याच दिवशी. महिन्यातून एकदा सगळ्या गोट्या केरोसिनमध्ये धुवा, पुसा आणि टॉर्चच्या उजेडात तीन जागा बघा: आतले सहा कोपरे, पिनच्या भोकाची कड, आणि चौकोनाचे चार कोपरे. धुतल्यावर पंधरा मिनिटांनी पुन्हा बघितलं तर चिरेत मुरलेलं केरोसिन बाहेर झिरपून ओली रेघ दिसते. शंका असेल तर खडूची पूड चोळा, रेघ आणखी स्पष्ट होते.

झीज चिरेइतकी घाईची नसते, पण महाग पडते. तोंड घंटेसारखं पसरलं असेल, नव्या नटावर गोटी आधीपेक्षा बरीच जास्त हलत असेल, तर ती पुढचे सगळे नट खराब करेल. चौकोनही मोजा. अर्धा इंची गोटीचा चौकोन नवा असताना १२.८ ते १३ मिमीच्या आसपास असतो. आमचा ठोकताळा असा की १३.३ च्या पुढे गेला की गोटी काढायची, कारण सैल चौकोन गनचा अ‍ॅन्व्हिल (गोटी बसते तो गनचा चौकोनी दांडा) गोल करतो, आणि अ‍ॅन्व्हिल गोटीपेक्षा कितीतरी महाग.

काढलेली गोटी कपाटात ठेवू नका, घाईत कोणीतरी तीच उचलतो. ग्राइंडरने एक काप मारून भंगारात टाका.

१५. नवी गोटी लावल्यापासून गन कमजोर झाल्यासारखी वाटते. गन बिघडली का?

आधी मधल्या वस्तू मोजा. प्रत्येक एक्स्टेन्शन (लांबी वाढवणारा दांडा), अडॅप्टर आणि युनिव्हर्सल जॉइंट (वाकणारा जोड) हा सांधा आहे, आणि प्रत्येक सांध्यातली फट ठोक्याचा काही भाग खाते. लांब एक्स्टेन्शन स्प्रिंगसारखं पिळतं आणि परत येतं, नटाला उरलेलाच जोर मिळतो. लांब, जड गोटीचंही तेच. सगळं काढून आखूड गोटी थेट गनवर लावा. नट सुटला तर गन ठीक आहे.

हवेची गन असेल तर गन चालू असताना तिच्यात हवा शिरते तिथे ६.२ बार (९० पीएसआय) दाब मिळतो का ते बघा. टाकीवरचं मीटर भरपूर दाखवतं, पण बारीक किंवा लांब पाइपात दाब पडतो.

एक्स्टेन्शन आणि युनिव्हर्सल जॉइंटही इम्पॅक्ट प्रतीचेच हवेत. साखळीतली एक क्रोमची वस्तू असली तरी प्रश्न १ मधला धोका तसाच राहतो.

१६. याच गोटीने चाकाचे नट गनवरच घट्ट केले तर?

सोडवा गनने, शेवटचं घट्ट टॉर्क पान्यानेच (ठरवलेला जोर मोजून देणारा पाना) करा. आधी सगळे नट हाताने दोन-तीन आटे चढवा, मग गन हलक्या वेगावर ठेवून बसवा, मग गाडी खाली टेकवून समोरासमोरच्या क्रमाने टॉर्क पाना. बऱ्याच लहान कारना ८५ ते ११० न्यूटन-मीटर लागतात, नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. गनने त्याच्या कितीतरी पट जोर लागून बोल्ट ताणले जातात, आणि रस्त्यात पंक्चर झालं की गाडीतल्या छोट्या पान्याने नट सुटत नाहीत. ट्रकचे नट ५० ते १०० किलोमीटर चालल्यावर पुन्हा तपासावे.

१७. चाकाच्या नटावर ना १९ बसते ना २१ नीट धरते. असं कसं?

काही गाड्यांच्या नटावर चमकदार पातळ पत्र्याची टोपी असते. आत पाणी शिरून खालचा नट गंजला की टोपी फुगते आणि १९ चा नट साडेएकोणीसचा होतो. कोकण-गोव्याच्या किनारी हवेत तर असे नट विशेष जपायला हवेत. १९ ची गोटी हातोडीने ठोकून बसवली तर आत अडकते, २१ ची लावली तर टोपी फाटते. १९.५ आणि २१.५ अशा मधल्या मापांच्या गोट्या याचसाठी मिळतात. नट काढल्यावर तो परत लावू नका, अखंड धातूचा नट घ्या.

कोपरे आधीच गोल झाले असतील तर उलट्या आट्याची, आतून दाते असलेली एक्स्ट्रॅक्टर गोटी लागते. ती नटात चावत जाते, म्हणून नट वाया जातोच.

आणि चोरी टाळायच्या लॉक नटाची किल्ली गनवर कधीच लावू नका. तिची बारीक नक्षी ठोक्यांनी मोडते, मग चाक काढायला नट फोडावा लागतो. तिथे हातचा पानाच.

१८. गोटी अडकली, फाकली, बारीक झाली तर गॅसने तापवून किंवा वेल्डिंग करून दुरुस्त होते का?

नाही. तापवल्यावर दिलेलं पाणी उतरतं आणि वेल्डिंगशेजारचा भाग ठिसूळ होतो. गंजलेला नट गॅसने तापवायचा असेल तर गोटी बाजूला ठेवा, नट थोडा निवल्यावर लावा. लालभडक नटावर लावलेली गोटी आतून मऊ पडते आणि पुढच्या कामात कोपरे सोडते.

१९. इम्पॅक्ट गोटी हाताच्या रॅचेटवर चालते का?

चालते. फक्त जाड असल्याने अडचणीच्या जागी शिरत नाही, आणि पिनच्या भोकामुळे काही रॅचेटांवर थोडी सैल बसते. उलटं करू नका, ते प्रश्न २ मध्ये आलं आहे.

२०. पावसाळ्यात काळ्या गोट्या लगेच गंजतात. काय करावं?

फॉस्फेटचा थर तेल धरून ठेवतो म्हणूनच गंज रोखतो. तेल धुऊन गेलं की तो निरुपयोगी. दिवसअखेर पुसून इंजिन ऑइलच्या फडक्याने हात फिरवा, आतूनही. चाकाच्या नटाला लावायच्या आधी मात्र आतलं तेल पुसून घ्या. आट्यावर तेल गेलं तर टॉर्क पाना सांगतो त्यापेक्षा बोल्ट जास्त ताणला जातो. वरवरचा तांबूस गंज तारेच्या ब्रशने जातो, खड्डे पडले असतील तर आतले कोपरे प्रश्न १४ प्रमाणे पुन्हा तपासा.